‘भांड्यांवर नावं घालणारा’ म्हणे! डेक्सामेनोस कलावंत होता की नव्हता?

कोरणीवाली
काल नाणेवेडा यांनी लिहिलं, “कियॉसचा डेक्सामेनोस म्हणजे आपल्याकडचा भांड्यांवर नावं घालणारा. खड्यावरचं नाव गिऱ्हाइकाचं असेल नाहीतर दुकानाची खूण. कलावंत वगैरे संग्रहालयांनी चढवलेलं.” रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

इसवी सनपूर्व पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा माणूस, ग्रीसच्या कियॉस बेटावरचा, ठसा उमटवायचे मुद्रेचे खडे कोरणारा. त्याच्या नावाचे चार खडे सर्वांना मान्य आहेत: दोन सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये, एक बॉस्टनला, एक केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात. केंब्रिजच्या खड्यावर बसलेली बाई आहे, समोर आरसा घेतलेली दासी. आणि नावं दोन! एक ‘मिकेस’, म्हणजे ‘मिकेचा’. दुसरं डेक्सामेनोस. मालकिणीचं नाव वेगळं कोरलेलं असताना दुसरं कुणाचं असणार? हर्मिटाजच्या उडत्या बगळ्यावर तर क्रियापदासकट आहे: डेक्सामेनोसने केला, कियॉसच्या.

तो बगळा एकदा नीट बघा हो. पाय मागे लांब सोडलेले, पंखातलं पीस न् पीस वेगळं. सगळं मिळून जेमतेम 2 सेंटीमीटर, तेही खोलगट आणि उलटं, कारण मातीवर ठसा उमटल्यावर चित्र सुलट व्हायला हवं. कॅल्सेडनीचं, म्हणजे अकीकाच्या जातीच्या या दगडाचं, काठिण्य 10 पैकी 7 च्या आसपास, लोखंडाची छिन्नी तिथे घसरते. सामत्यासारखी धनुष्याने फिरवायची सळई, तिच्या टोकाला तेलात कालवलेली कुरुंदाची पूड. कापते ती पूड. अशा कामात हात जरा हलला की दगड गेला.

नाणेवेडा
केंब्रिजच्या खड्याचं मान्य. दोन नावं आहेत हे माझ्या लक्षात नव्हतं. पण ‘केला’ हे क्रियापद ग्रीक मडक्यांवरही असतं, आणि तिथे ते कुंभाराचं की कारखान्याच्या मालकाचं यावर अभ्यासक अजून भांडतात. खड्याला वेगळा न्याय का?

दुसरं. ‘भांड्यांवर नावं घालणारा’ हे मी हिणवायला म्हटलेलं नाही. माझे आजोबा तेच करायचे. एका दुकानाच्या पायरीवर बसून 40 वर्षं. लग्नसराईत दिवसाला दोन-दोन रुखवतं. गावातल्या प्रत्येक हंड्यावर त्यांचं अक्षर आहे, त्यांचं नाव एकावरही नाही. दुकानदाराने शेवटच्या वर्षाची मजुरीसुद्धा दिली नाही. तेव्हा एका ग्रीकाने सही केली म्हणून तो कलावंत आणि ज्यांना सही करू दिली नाही ते मजूर, हा हिशोब मला मंजूर नाही.

पैठणचा वाटसरू
मूळ मुद्दाच कुणी घेत नाहीये. दगड आपला होता! पैठणहून अकीक गाड्यांवर लादून भडोचला जायचा, तिथून समुद्रमार्गे पश्चिमेला. ग्रीक खलाशाने स्वतः लिहून ठेवलंय. दगड दख्खनचा आणि नाव ग्रीसचं!

रानवारा
त्या खलाशाचं ते पुस्तक, ‘पेरिप्लस’, इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं. डेक्सामेनोस त्याआधी जवळपास 500 वर्षं. पैठणचा अकीक रोमन काळात गेला याचा मलाही अभिमान आहे, पण म्हणून त्याच्या हातात आपला दगड देऊ नका. दर धाग्यात हेच चालतं आणि खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो.

नाणेवेडा, मडक्याचा दाखला इथे लागू नाही. मडकी हारीने व्हायची. खडा एकेक व्हायचा आणि तो माणसाची सही, कुलूप, पत सगळं असायचा. अथेन्समध्ये कायदे घालून देणाऱ्या सोलोनचा नियम सांगतात: अंगठी विकली की तिचा ठसा कोरणाऱ्याने स्वतःकडे ठेवायचा नाही. म्हणजे आयुष्यभराच्या कामातलं एकही घरी उरायचं नाही. अशा माणसाने दगडावरच नाव घातलं, यात मला कारखाना दिसत नाही.

नाणेवेडा
डेक्सामेनोस कियॉसचा. नियम अथेन्सचा, तोही डेक्सामेनोसच्या दीडशे वर्षं आधीचा.

रानवारा
आणि बॉस्टनचा खडा सापडला कुठे? अ‍ॅटिकात. अथेन्सच्या दारात.

सांजवात
तुमचं चालू द्या, पण 2 सेंटीमीटरमध्ये एवढी पिसं नुसत्या डोळ्यांनी? शक्यच नाही. त्यांच्याकडे भिंग होतंच. क्रीटमध्ये इडाच्या गुहेत स्फटिकाची भिंगं निघालीत. आरिस्टोफेनीसच्या इसवी सनपूर्व 423 च्या नाटकात उन्हाने जाळायची काच औषधवाल्याकडे मिळते असं पात्र बोलतं. ऐन डेक्सामेनोसचा काळ!

कोरणीवाली
जाळायची काच. बघायची नव्हे.

सांजवात
जी काच ऊन गोळा करते ती हातात धरून खाली कुणी एकदाही डोकावलं नसेल? कमाल करता ताई.

रानवारा
डोकावलं असेल. पण कोरणाऱ्याने भिंग वापरलं असं कुणा ग्रीकाने लिहिलेलं दाखवा. रोमन लेखक प्लिनी लिहितो ते एवढंच, की खडे कोरणारे थकलेल्या डोळ्यांना पाचूकडे बघून विसावा देत. आणि भिंगाविना चालतं हे मी घरात पाहिलंय. माझ्या आईचा नंबर उणे 9. चष्मा काढून, कापड नाकाला लावून ती असा बारीक टाका घालते की मला तो चष्मा लावूनही दिसत नाही. असे डोळे असलेली मुलं या धंद्यात टिकली असतील.

सांजवात
आईच्या डोळ्यांवरून ग्रीसचा इतिहास लिहायचा? मग पुरावा पुरावा कशाला करता?

कोरणीवाली
आवाज खाली ठेवा दोघांनी. मी अकीकावर कोरते, 11 वर्षं झाली, म्हणून सांगते. काम चालू असताना दगड दिसतच नाही. वर तेल आणि पुडीचा काळा चिखल असतो, भिंग धरलं तरी चिखलच मोठा दिसणार. पुसायचं, मेणावर दाबायचं, ठशात बघायचं, पुन्हा चिखल. टोक किती बसलं ते बोटाला कळतं, सळईचा आवाज बदलतो. माझ्याकडे दिव्याचं भिंग आहे. ते मी पुसल्यावर तपासायला घेते, कोरताना बाजूलाच असतं.

नाणेवेडा
हे पटलं. आजोबाही चष्मा कपाळावर सरकवून ठोकायचे, डाव्या अंगठ्याचं नख अक्षराच्या कडेला टेकलेलं. शेवटी तर मोतीबिंदू झाला होता तरी ‘श्री’ची वेलांटी चुकली नाही. कारखान्याचा मुद्दा मी मागे घेतो. बॉस्टनच्या खड्यावर, पिवळ्या जास्पर दगडात, दाढीवाल्या माणसाचं डोकं कोरलंय, ते काल पुन्हा पाहिलं, ते कुणा ठरावीक माणसाचं वाटतं, हेही कबूल. पण कलावंत ठरायला सही लागते, हे मी मानणार नाही.

कोरणीवाली
मी ते म्हटलेलंच नाही. नाव कुणाचं, एवढंच म्हटलं होतं. आजोबांच्या हातचं एखादं भांडं घरात असेल तर अक्षर जवळून दिसेल असा फोटो टाका.

सांजवात
मेणाचं मान्य, चिखलाचंही. पण तपासायला तरी त्याने काहीतरी डोळ्याला लावलं असणारच. पिसांच्या रेघा बोटाने मोजता येत नाहीत.