मदत हवी आहे: चुनखडीचा दगड कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. मी राजापूरजवळच्या गावात भूगोल शिकवते. आमच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, सगळा जांभा, त्याखाली काळा बेसॉल्ट. परवा वर्गात सांगितलं, ८,८४८.८६ मीटर उंच एव्हरेस्टचा माथा चुनखडीचा आहे. ४५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचलेला, त्यात ट्रायलोबाइट या नामशेष समुद्री प्राण्यांचे अवशेषही सापडतात.

"बाई, समुद्र डोंगरावर चढला कसा?" एका मुलीनं विचारलं. भारतीय भूखंड आशियावर आदळला, तळच वर उचलला गेला, हे नुसत्या फळ्यावर पटत नाही. हातात दगड हवा.

विदर्भात वणी, राजुऱ्याकडे चुनखडी आहे. तिथलं कुणी दोन-चार तुकडे पोस्टानं पाठवेल का? खर्च मी देईन. किनाऱ्यावरचे शिंपले शेजारी ठेवून दोन्हींवर व्हिनेगर टाकायचंय. दोन्हींत कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणून दोन्ही फसफसतील. आपल्याकडे पूर्वी शिंपले भाजूनच चुना करत ना!