दमण म्हणजे फक्त ‘ती’च सहल का?

पेठरोडकर:
शनिवार-रविवार घरच्यांना घेऊन दमणला चाललोय, असं ऑफिसात सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्याने लगेच डोळा मारला. "घरच्यांना घेऊन?" दमण म्हणजे दारूची सहल, नाशिकमध्ये या नावाची ही अवस्था.

जाऊन आलो, म्हणून लिहितो. पेठ रस्त्याने रामशेज मागे टाकायचा, सावळघाट, कोटंबी घाट, मग कपराडा, वापी. दीडशे किलोमीटरच्या आसपास. गंमत म्हणजे ज्या दमणगंगेच्या मुखाशी हे गाव वसलंय, ती उगवते आपल्याच जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात. नदीच्या एका काठाला नानी दमण, दुसऱ्याला मोटी दमण, आणि दोन्हीकडे किल्ला. नानी म्हणजे धाकटी खरी, पण बाजार, हॉटेलं, गोंगाट सगळा तिच्याकडेच. थोरलीच्या तटाच्या आत शिरलात की आवाज बंद. जुनी झाडं, सरकारी कचेऱ्या आणि 1603 सालचं बॉम जेझू चर्च. त्याच्या वेदीवरचं लाकडी कोरीवकाम बघताना आमची आई म्हणाली, "आपल्या वाड्यातल्या देव्हाऱ्यासारखंच की, फक्त दहापट."

पोर्तुगीजांनी दमण घेतलं 1559 मध्ये, सोडलं 1961 मध्ये. चारशे वर्षं! 18 डिसेंबरला पहाटे चाल करून गेली ती मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले. शाळेत हे सगळं गोवामुक्तीच्या धड्यात एका ओळीत उरकलं होतं.

सिडकोची आत्या:
दादा, किल्ल्याचं छान लिहिलंत, किनाऱ्याचं सोयीस्कर विसरलात. आम्ही देवकाला गेलो होतो. पाणी कुठे आहे ते शोधावं लागलं. काळा गाळ आणि खडक. भाच्याची चप्पल गाळात रुतली, पाय बाहेर आला, चप्पल तिथेच. हात घालून काढली तर कोपरापर्यंत काळं. पोरं समुद्रात खेळायला येतात हो, वेदी बघायला नाही.

पेठरोडकर:
देवकाबद्दल हात जोडतो. जांपोरला जा, तिथे सुरूची झाडं आहेत आणि किनारा पसरट आहे.

गंगापूर रोड 13:
पाणी तिथेही लांबच जातं. खंबातच्या आखाताच्या तोंडाशी आहे ते, भरती-ओहोटीतला फरकच मोठा. पंचांग बघून जायचं. पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी येते, संध्याकाळी तुमच्या वाट्याला गाळ. अष्टमीच्या आसपास गेलात तर संध्याकाळी पाणी मिळतं. लोक हॉटेल बघतात, तिथी बघत नाहीत आणि मग समुद्राला शिव्या घालतात.

भटका नाशिककर:
इतिहासच बघायचा तर मुरूडला जा की! राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला जाताना जे वाटतं ते दमणच्या तटावर वाटणार नाही. समोर महाराजांचा पद्मदुर्ग. आपला इतिहास सोडून पोर्तुगीजांच्या भिंती कशाला बघायच्या?

पेठरोडकर:
मुरूड लांब आहे, दोन दिवसांत निम्मा वेळ गाडीतच जातो. पावसाळ्यात जंजिरा बंद. आणि ‘आपला’ म्हणाल तर 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तरी दमण पोर्तुगीजांकडेच राहिलं. जे हाती लागलं नाही, तेही बघावं माणसानं. तिथे मोटी दमणच्या किल्ल्याच्या दरवाजाजवळ बोकाज नावाच्या पोर्तुगीज कवीचं घर दाखवतात. लष्करात नेमणूक होऊन आला होता, इथूनच पळून गेला.

सिडकोची आत्या:
बघा! त्यालाही देवकालाच नेलं असणार.

जव्हारमार्गे:
माझं मत डहाणू-बोर्डीला. त्र्यंबक, जव्हार, राजवाडा बघत निवांत जायचं. चिकूच्या वाड्या, स्वस्त राहणं, आणि परतताना हद्दीवर कोणी गाडी उघडायला लावत नाही. दमणहून येताना नाक्यावर आमची डिकी उघडली होती. आत सुक्या बोंबलांची पिशवी. साहेबांनी नाक दाबून स्वतःच झाकण लावलं. सापडलं काही नाही, पण सासऱ्यांसमोर जी शोभा झाली ती झालीच. बाटली महाराष्ट्रात आणायला परवाना लागतो, हे तिथल्या दुकानात कोणी सांगत नाही.

भटका नाशिककर:
म्हणजे तुम्ही आणलीच नव्हती?

जव्हारमार्गे:
बोंबीलच होते, आईशप्पथ.

पेठरोडकर:
नुसतं समुद्रात डुंबायचं असेल तर बोर्डी बरं, मान्य. पण संध्याकाळी नानी दमणच्या किल्ल्यासमोर उभं राहून बघा. दरवाजावर संत जेरोमचा पुतळा, त्याचं तोंड नदीकडे. खाली खाडीत मासेमारीच्या होड्या एकमेकींना घासत उभ्या. माझा मुलगा अर्धा तास त्यांचे रंग मोजत बसला, मोबाइल मागितला नाही. आमच्याकडे हा विक्रम आहे.

इंदिरानगर 9:
हे सगळं पटलं. पण माझ्या सासूबाईंना ‘दमण’ म्हटलं की त्या आधी माझ्या नवऱ्याकडे बघतात. त्यांना काय सांगू?

गंगापूर रोड 13:
सांगा, दिंडोरीची नदी सासरी कुठे नांदते ते बघून येऊ. आणि तिथी अष्टमीचीच धरा.