पॉली उम्रीगर आज मुंबईच्या क्रिकेट संघटनेत निवडून आले असते का?

क्रॉस मैदान :
एप्रिल १९६२, वेस्ट इंडिज दौरा, पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी. भारताचे अष्टपैलू पॉली उम्रीगर. आधी ५६ षटकं टाकून १०७ धावांत ५ बळी. मग पहिल्या डावात ५६ धावा. फॉलोऑन मिळाल्यावर नाबाद १७२. वय ३६. सामना आपण हरलो, पण एका माणसाने एका कसोटीत याहून जास्त काय करायचं? त्याच दौऱ्यात बार्बाडोसला नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला, तेव्हा रक्त द्यायला वेस्ट इंडिजचा कप्तान वॉरेल आणि आपले बोर्डे, नाडकर्णी यांच्याबरोबर उम्रीगरही होते.

५९ कसोटी, ३६३१ धावा, १२ शतकं, ३५ बळी. भारताचं पहिलं द्विशतकही त्यांचंच, १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध हैदराबादला २२३. हे सगळं क्रिकेटवेड्यांना पाठ आहे. मला बोलायचंय ते पुढच्या आयुष्याबद्दल. भारतीय संघाचे व्यवस्थापक, १९७८ ते १९८२ निवड समितीचे अध्यक्ष, मग भारतीय क्रिकेट बोर्डाचे कार्यकारी सचिव, आपल्या मुंबई क्रिकेट असोसिएशनचे सचिव, आणि वानखेडेच्या खेळपट्टीची देखभालही. खेळ संपल्यावर चाळीसेक वर्षं माणूस मैदान सोडून गेलाच नाही.

आणि त्याच मुंबईत पुढे काय झालं? असोसिएशनच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत २००१ ला वाडेकर शरद पवारांसमोर हरले, २०११ ला वेंगसरकर विलासराव देशमुखांसमोर, २०२२ ला संदीप पाटील अमोल काळे यांच्यासमोर. हरलेले तिघेही मुंबईच्या मातीतले कसोटीपटू. मत देणाऱ्या क्लबवाल्यांनीच त्यांना पाडलं. मला याचा मनापासून राग येतो.

हिंदू कॉलनी :
राग समजतो, पण पटत नाही. तुम्ही ज्या वानखेडेवर बसून मॅच बघता ते कोणी बांधलं? बॅरिस्टर शेषराव वानखेडे, राजकारणी माणूस. आणि ते बांधायची वेळ का आली? ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या जागांवरून असोसिएशनचं त्या स्टेडियमच्या मालक क्लबाशी, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी (सीसीआय), फाटलं म्हणून. तेव्हा सीसीआयच्या अध्यक्षपदी कोण होतं? विजय मर्चंट! प्रथमश्रेणीत ७१ ची सरासरी असलेला फलंदाज. खेळाडू खुर्चीत होता म्हणून तंटा मिटला नाही, आणि राजकारण्याने तेरा महिन्यांत स्टेडियम उभं केलं. जानेवारी १९७५ ला तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी झालीसुद्धा.

सरकारकडून जमीन मिळवणं, परवानग्या, कंत्राटं, कोर्टकचेऱ्या यात कव्हर ड्राइव्ह उपयोगी पडत नाही. निवडणूक हरलेल्यांबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्यापैकी किती जण क्लबाच्या तंबूत वर्षभर येऊन बसले होते, हेही विचारा.

शिवाजी पार्क, जुना :
मर्चंट यांचं एकच उदाहरण देऊन थांबू नका. त्यांनीच निवड समितीचे अध्यक्ष म्हणून १९७१ ला कप्तानपदासाठी निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकलं, आणि त्या वर्षी आपण वेस्ट इंडिज आणि इंग्लंड दोन्हीकडे मालिका जिंकलो. ते काम बॅरिस्टरला जमलं नसतं.

उम्रीगर निवड समितीवर होते त्या काळातली पदार्पणं बघा. रॉजर बिन्नी १९७९, संदीप पाटील १९८०, रवी शास्त्री १९८१. तिघेही १९८३ च्या विश्वचषक संघात, बिन्नीने त्या स्पर्धेत सर्वात जास्त, १८ बळी घेतले. तोच बिन्नी २०२२ मध्ये बोर्डाचा अध्यक्ष झाला. हे धागे खेळाडूंकडूनच खेळाडूंकडे जातात.

आणखी एक. उम्रीगर खुर्चीला चिकटणारे नव्हते. १९५९ मध्ये मद्रास कसोटीच्या तोंडावर संघनिवडीत बोर्डाने लुडबुड केली, तर त्यांनी कप्तानपद सोडलं आणि साधा खेळाडू म्हणून मैदानात उतरले. असा माणूस पदावर असला की बाकीचे जपून वागतात.

मैदानी क्लबाची सचिव :
तुम्ही सगळे पुरुष मोठ्या खुर्च्यांबद्दल बोलताय, म्हणून खालचं सांगते. कांगा लीग, म्हणजे मुंबईतल्या क्लबांची स्पर्धा, असते पावसात. आमची मुलं तंबूच्या कनातीआड, चिखलाच्या बुटांवर उभी राहून कपडे बदलतात. मुलींनी काय करायचं? माझी लेक सोळा वर्षांची आहे, डावखुरी फिरकी टाकते. सकाळी आठच्या मॅचला घरूनच पांढरे कपडे घालून लोकलने जाते, आणि संध्याकाळपर्यंत पाणी जपून पिते, कारण जवळ धड स्वच्छतागृह नाही. गेल्या मोसमात डोकं दुखून परत आली होती, कारण दिवसभरात अर्धी बाटलीच पाणी प्यायली होती.

असोसिएशनच्या निवडणुकीत मला मत द्यायला मिळतं. जो उमेदवार येतो तो जेवण देतो, हात जोडतो. कसोटी खेळलेला असो की आमदार, एकानेही अजून स्वच्छतागृहाबद्दल विचारलेलं नाही. क्रिकेटच्या कारभारासाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीच्या सुधारणांनंतर बोर्डाच्या सर्वोच्च परिषदेवर माजी खेळाडूंतून एक पुरुष आणि एक महिला घ्यावी लागते. मला त्या महिलेच्या जागेचं महत्त्व जास्त वाटतं, कारण तिने हे भोगलेलं असतं.

क्रॉस मैदान :
ताई, तुमचं वाचून मी गप्प झालो. आझाद मैदानावर मी पंधरा वर्षं खेळलो आणि हे कधी डोक्यात आलं नाही. म्हणजे नुसता खेळलेला माणूस असून पुरत नाही, हे मान्य.

पण हिंदू कॉलनी, तुमचा ‘कव्हर ड्राइव्ह उपयोगी पडत नाही’ हा मुद्दा मला नाही पटत. उम्रीगर यांनी १९५२ ला इंग्लंडमध्ये चार कसोटीत मिळून ४३ धावा केल्या. वेगवान गोलंदाज ट्रूमनने त्यांची पार दैना केली. त्याच माणसाने १९५९ ला मँचेस्टरला ११८ काढल्या. सात वर्षं आपल्या उणिवेवर काम करणारा माणूस. अशी सवय असलेला माणूस ताईंची तक्रार ऐकून विसरणार नाही, असं मला वाटतं.

हिंदू कॉलनी :
विसरणार नाही हे तुमचं गृहीतक आहे, अनुभव नाही. ताईंनी सांगितलं ना, कसोटीपटूही विसरले. मला खेळाडू की राजकारणी यापेक्षा एवढंच बघायचंय, की मत मागायला येणारा कनातीमागे डोकावतो का.

मैदानी क्लबाची सचिव :
येऊ दे ना. रविवारी आठला या, तंबूत चहा ठेवते. मुलींची मॅच आहे, पाऊस नसला तर.