ओझूंच्या चित्रपटांत ‘काही घडत नाही’, या मताविषयी

जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या चित्रपटांपुढे त्यांच्याच देशातले दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचे चित्रपट फार संथ वाटतात आणि त्यांत काही घडतच नाही, हे मत मला पटत नाही. कुरोसावांच्या ‘राशोमोन’ला १९५१ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जगाचे लक्ष जपानी चित्रपटांकडे वळले, हे खरेच, पण ओझूंचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’ एकदा सवडीने पाहावा.

ओनोमिची या दूरच्या गावाहून टोकियोला आलेल्या वृद्ध आईवडिलांसाठी डॉक्टर मुलाला आणि केशभूषेचे दुकान चालवणाऱ्या मुलीला वेळ नसतो, म्हणून त्यांची रवानगी आतामी या समुद्रकाठच्या पर्यटनस्थळी केली जाते. कचेरीतून रजा काढून त्यांना शहर दाखवते ती मात्र युद्धात मरण पावलेल्या मुलाची पत्नी, नोरिको. ही मुले दुष्ट नाहीत, याचे भान ओझू कुठेही सोडत नाहीत आणि म्हणूनच ते पाहणे अधिक जड जाते.

आई परतीच्या प्रवासात आजारी पडते, तो प्रसंग पडद्यावर येतच नाही. ओसाकातल्या धाकट्या मुलाच्या बोलण्यातून तो आपल्याला कळतो. कॅमेरा जमिनीलगत, जवळजवळ सदैव स्थिर असतो. वडिलांची भूमिका करणारे चिशू ऱ्यू तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. पत्नीच्या मृत्यूनंतर हे वडील घराबाहेर एकटेच उभे असतात, आणि त्यांना शोधत आलेल्या नोरिकोला एवढेच सांगतात, की पहाट सुंदर होती आणि आजही उकडणार आहे.