डेमो डेला एका सकाळी चार गाड्या चालवायच्यात, नेमकं बघायचं काय?

सातपूरकर

नमस्कार मंडळी, येत्या रविवारी गंगापूर रोडला एका लॉन्सवर दोन-तीन शोरूमवाल्यांनी मिळून डेमो डे ठेवलाय, लायसन्स दाखवा, फॉर्म भरा, चालवा. माझ्या डोक्यात चार गाड्या आहेत, रॉयल एनफिल्डची हंटर ३५०, होंडाची हायनेस सीबी३५०, ट्रायम्फ स्पीड ४०० आणि परत एनफिल्डचीच हिमालयन ४५०. तुम्ही म्हणाल या चौघींचा एकमेकींशी संबंध काय, तर मलाच कळत नाहीये मला काय हवंय, म्हणून तर विचारतोय.

सध्या २०११ ची पल्सर १५० आहे, ८७ हजार किमी झालेत, अजून पहिल्या सेल्फला चालू होते. माझी उंची ५ फूट ५. रोज पाथर्डी फाटा ते सातपूर एमआयडीसी जाऊन येऊन वीसेक किमी, आणि शिफ्ट सुटल्यावर तिथे काय असतं ते नाशिककरांना सांगायला नको. महिन्यातून एकदा डबल सीट संगमनेर (सासर), पावसाळ्यात घोटी, भंडारदरा वगैरे.

मागच्या वर्षी एका शोरूममध्ये टेस्ट राइड घेतली ती निव्वळ चेष्टा होती. मागच्या सीटवर त्यांचा पोरगा बसला, मोकळ्या रस्त्यावर अर्धा किमी सरळ, तिथून वळून परत, आणि सगळा वेळ कानाशी "सर पिकअप बघा, सर आवाज बघा". उतरल्यावर मला एवढंच आठवत होतं की गाडी लाल होती. यावेळी तसं नको. दहा-पंधरा मिनिटात खरंच काही कळतं का? का नुसतं जाऊन वडापाव खाऊन यायचं?

घाटवेडा

कळतं, पण लोक नको ते बघतात. डेमोला गाडी मिळाली की पहिलं काय करतात तर कान पिळतात, म्हणजे अॅक्सिलरेटर. अरे या चारही गाड्या तुझ्या पल्सरपेक्षा जोरात पळणार आहेत, ते कागदावर लिहिलेलंच आहे, त्यासाठी रविवारची झोप कशाला मोडायची?

माझी पद्धत सांगतो. गाडी चालू करायच्या आधी इंजिनला हात लावून बघ. गरम असेल तर आधीच कोणीतरी फिरवून आणलीये, म्हणजे थंड इंजिन सकाळी कसं उठतं ते तुला कळणारच नाही, त्यासाठी पहिला नंबर लाव. मग बस आणि बंद गाडी दोन्ही पायांनी मागे ढकल. हे कोणी करत नाही. पार्किंगमध्ये रोज हेच करायचंय ना? मग पहिल्या गिअरमध्ये माणूस चालतो त्या स्पीडने पन्नास पावलं जा, अॅक्सिलरेटर न देता, नुसत्या क्लचवर. मग दुसऱ्यात स्पीडब्रेकर. मग यू टर्न, दोन्ही बाजूंना. या पाच मिनिटात गाडी सगळं सांगते, पुढचं सगळं मजेसाठी.

आता तुझ्या चार गाड्या. हंटरला २७ एनएम टॉर्क (म्हणजे ओढायची ताकद) आहे पण तो ४००० आरपीएमलाच (इंजिनच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्या झाल्या की) मिळतो, सीबी३५० ला ३० एनएम आणि तोही ३००० ला. स्पीड ४०० ला ३७.५ आहे पण तो ६५०० ला. म्हणजे कागदावर ट्रायम्फ भारी दिसते, आणि आहेच, २० ऐवजी जवळपास ४० बीएचपी आहे तिथे, पण सातपूरच्या गर्दीत तू ६५०० ला कधी जाणार? म्हणून चौथ्या गिअरमध्ये ३५ ची स्पीड धर आणि तिथून न बदलता हळूहळू अॅक्सिलरेटर दे. कुठली गाडी ठुकठुक करत तक्रार करते आणि कुठली मुकाट्याने उचलते ते बघ. तुझं रोजचं आयुष्य तिथे आहे. संगमनेरच्या हायवेला हिशोब उलटा होतो, ९०-१०० ला ३५० वाल्या कष्ट करतात आणि ४०० वाली शिट्टी वाजवत जाते. महिन्यातून एक दिवस विरुद्ध पंचवीस दिवस, बघ बाबा तुझं तू.

आणि पैशाचं डोक्यात ठेव. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्यावर ४० टक्के. आधी २८ आणि ३१ होते, म्हणजे फरक तीन टक्क्यांचा होता तो आता बावीसचा झाला. स्पीड ४०० आणि हिमालयन दोन्ही वरच्या खान्यात. काही कंपन्यांनी वाढ स्वतःच सोसली, म्हणून जुन्या व्हिडिओतला आकडा धरून बसू नकोस, ऑन रोड कोटेशन कागदावर घे.

माजी_शोरूमवाला

मी साडेचार वर्षं सेल्सला होतो (कुठे ते विचारू नका), त्यामुळे पलीकडच्या बाजूने सांगतो.

डेमोच्या गाडीचा क्लच म्हणजे धर्मशाळेतली बादली, कोण येतो कोण आपटून जातो. तीन हजार किमी झालेले असतात पण ते तीनशे माणसांनी चालवलेले, त्यातल्या निम्म्यांनी हाफ क्लचवर. त्यामुळे न्यूट्रल सापडत नाही, गिअर कडक आहे, चेनचा आवाज येतोय, यावर गाडीला नापास करू नका, तेच मॉडेल नवीन घेतलं की लोण्यासारखं असतं. टायरची हवा मात्र आधी चेक करून घ्या. आम्ही डेमोच्या दिवशी सकाळी सगळ्यांत एकच आकडा भरून टाकायचो आणि मग लोक म्हणायचे हिचं सस्पेन्शन दगड आहे. दगड हवा होती.

फॉर्म वाचा. वाचतच नाही कोणी. त्यात एक ओळ असते की नुकसान झालं तर भरपाई ग्राहकाची. माझ्यासमोर एका बिचाऱ्याची गाडी उभ्या जागी कलंडली, स्टँड नीट लागला नव्हता, ब्रेकचा लिव्हर तुटला आणि मॅनेजरने त्याच्याकडून लिव्हर, इंडिकेटर, आरसा आणि वर लेबर असं सगळं घेतलं, इन्शुरन्स असूनसुद्धा. त्याने नंतर गाडी दुसरीकडूनच घेतली, बरोबरच केलं. गाडीला नंबर प्लेट आहे का आणि इन्शुरन्स चालू आहे का हे विचारायला लाजू नका. लर्निंग लायसन्सवर कोणी देत नाही आणि दिली तर तुम्ही घेऊ नका.

मोबाईल नंबर दिला की तुमचा "लीड" झाला, पुढचे तीन महिने फोन. आमच्याकडे संध्याकाळी साहेब विचारायचे किती राइड झाल्या, राइड कशी झाली हे आयुष्यात कोणी विचारलं नाही.

अजून एक, गाडी घ्यायच्या वेळी किलोमीटर बघा आणि चासीवरून बनल्याचा महिना विचारा. डेमोच्या गाड्या शेवटी कुठेतरी विकल्या जातातच.

क्लचवाली

वर सगळ्यांनी इंजिनवर लिहिलं म्हणून मी पायांवर लिहिते 😄

माझी उंची ५ फूट १. सीट हाइटचा आकडा सगळे वाचतात पण तो अर्धाच खरा. सीबी३५० ८०० मिमी, हंटर ७९०, स्पीड ४०० त्याच्या आसपासच, हिमालयन ८२५ (वर करून ८४५). पण सीट पुढे किती निमुळती आहे यावर पाय टेकतात की नाही ते ठरतं. रुंद सीट मांड्या फाकवते आणि तुमचे दोन इंच खाते. तेव्हा आकडा विसरा, बूट घालून जा, जे रोज घालता तेच. मी एकदा सँडलवर गेले, मग घरी आल्यावर रोजच्या बुटांवर वाटलं अरे ही गाडी तर मला येते की, आणि उलटही झालंय.

सपाट जमिनीवर सगळ्यांचेच पाय टेकतात. उतार बघा. रस्त्याच्या कडेला जिथे डांबर संपून माती खाली जाते तिथे थांबून डावा पाय टाकून बघा. माझी गाडी दोनदा पडली, दोन्ही वेळा उभी असताना, दोन्ही वेळा अशाच जागी. हंटर आणि सीबी३५० १८१ किलो, स्पीड ४०० त्याहून जरा कमी, हिमालयन १९६. पंधरा किलोचा फरक चालताना कळत नाही, कलंडताना कळतो.

आणि दादा, वहिनींना घेऊन जा. मागे बसवून दहा मिनिटं तरी चालवा. डबल सीट झाल्यावर मागचं सस्पेन्शन बसतं, हेडलाइट वर बघायला लागते, ब्रेक लांबतो, गाडीच वेगळी होते. मागे धरायला काय आहे, पाय ठेवायची जागा किती वर आहे, साडी नेसून किंवा ड्रेसवर एका बाजूला बसता येतं का, हे त्याच सांगतील, तुम्हाला कळणार नाही.

लेस्टरचा_नाशिककर

मी इकडे इंग्लंडमध्ये, माहेर... सॉरी, माहेर बायकोचं, माझं मूळ गाव नाशिकरोड 😂 आपल्याकडच्या डेमो डेची इकडच्याशी तुलना करू नये पण एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. मी गेलो होतो तिथे स्लॉट ठरलेला, लायसन्स बघितलं, गाडी पाडली तर पहिले इतके पौंड तुमचे अशी सही घेतली, आणि पुढे त्यांचा एक रायडर, मागे आम्ही चारजण, गावातून, हायवेवरून, वळणांवरून असं पाऊण तास फिरवून आणलं. कोणी मागे बसून बोलत नाही. पाऊण तासात ढुंगण खरं बोलायला लागतं.

गंमत म्हणजे मी चालवली ती स्पीड ४०० च, चाकणला बनलेली. हिंकलीपासून, म्हणजे ट्रायम्फच्या गावापासून, अर्ध्या तासावर मी चाकणची गाडी चालवतोय, मित्राला सांगितलं तर म्हणे सो व्हॉट. त्याला काय कळणार. इथे ए२ म्हणजे मधल्या पायरीच्या लायसन्सला ३५ किलोवॅटची (साधारण ४७ बीएचपी) मर्यादा आहे, ही त्यात बसते, म्हणून इथली नवीन पोरं घेतात. तुला पाऊण तास कोणी देणार नाही, पण विचारून तरी बघ की दुसऱ्या दिवशी आडवारी परत येऊ का.

बाप्पा_काका

आमच्या वेळी टेस्ट राइड नव्हती. गल्लीत ज्याच्याकडे असेल त्याची मागून चालवायची, पेट्रोल टाकून परत द्यायची. बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, पहिल्यांदा चालवली तेव्हा ब्रेक समजून गिअर दाबला आणि थेट पानटपरीत. टपरीवाल्याने आधी चुना विचारला. असो. तुझी पल्सर विकू नकोस लगेच, दोन महिने ठेव.

सातपूरकर

जाऊन आलो. आधी सगळ्यांचे आभार, विशेषतः इंजिनला हात लावायच्या सल्ल्याबद्दल, चटका बसला.

नऊला पोचलो तर आधीच गर्दी. कडेला स्पीकर लावून गाणी, मधे मांडव, आणि राइडचा रूट ठरलेला, लॉन्सच्या गेटपासून पुढच्या चौकापर्यंत आणि परत. मी म्हटलं मला आतल्या गल्लीतून जायचंय, जिथे स्पीडब्रेकर आहेत. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला, "सर लोक तर मोकळा रोड मागतात". मग हसला आणि म्हणाला जा, पण दहा मिनिटात या.

हिमालयन बसल्या बसल्या बाद, गाडी चांगलीच आहे, माझे पाय नाहीत. मातीच्या कडेला थांबलो तर डाव्या पायाचा नुसता अंगठा टेकला, क्लचवालीताईंची आठवण आली. स्पीड ४०० चालवून मात्र डोकं फिरलं, खोटं कशाला बोलू, हेल्मेटच्या आत एकटाच हसत होतो. पण चौथ्या गिअरला ३५ वाला प्रयोग केला आणि तिथे सीबी३५० ने जो शांतपणे उचल घेतली ती काही डोक्यातून जात नाही. हंटर यू टर्नला सगळ्यात सोपी, सायकलसारखी वळली.

बायकोला नेलं होतं. तिने हंटर, सीबी आणि स्पीड तिन्हीवर मागे बसून घेतलं आणि मग मांडवात चहा पिताना तीन वाक्यात निकाल दिला. एकीवर "तू ब्रेक मारलास की मी तुझ्या पाठीवर येते". दुसरीवर "ही बरी आहे, पण संगमनेरपर्यंत नाही". तिसरीवर काहीच बोलली नाही, फक्त विचारलं हिला मागे हँडल बसवून मिळतं का. कुठली ते सांगत नाही, नाहीतर इथे मारामारी सुरू होईल.

फॉर्ममधली भरपाईची ओळ वाचली आणि इन्शुरन्सची प्रत मागितली, पंधरा मिनिटं शोधाशोध करून आणून दिली. बुकिंगला आजच पाच हजार टाका, ऑफर आज संध्याकाळपर्यंतच, हेही झालं. नाही टाकले. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला शोरूममधून तीच गाडी परत मागितलीये, शिफ्ट सुटायच्या वेळी, सातपूरच्या रस्त्याने, डबल सीट. त्यांनी हो म्हटलंय.

माजी_शोरूमवाला

बुधवारी स्टँड लावल्यावर गाडी एकदा हलवून बघ, मगच हात सोड.