ड्रग इन्स्पेक्टर रजिस्टर घेऊन गेले, स्टॉक विकू नका म्हणाले, वॉरंट लागत नाही का?

दुपारचा_काउंटर
नमस्कार मंडळी. मोठ्या भावाचं मेडिकल आहे, दुपारी मी बसतो. परवा दोन ड्रग इन्स्पेक्टर आले, फार्मासिस्ट नेमका जेवायला गेलेला, मी एकटाच. आयकार्ड दाखवलं आणि सरळ काउंटरच्या आत, ड्रॉवर उघडायला लावले, फ्रिज बघितला, खोकल्याच्या एका सिरपच्या बाटल्या बाजूला काढल्या, त्यातल्या काही सॅम्पल म्हणून सील केल्या, बाकीच्या विकायच्या नाहीत म्हणून कागदावर सही घेतली आणि जाताना शेड्यूल एच-वनचं (चिठ्ठीवरच द्यायच्या, वेगळी नोंद ठेवायच्या औषधांचं) रजिस्टर नि खरेदी बिलांची फाइल उचलून नेली. वॉरंट काहीच नव्हतं. वरच्या मजल्यावर आमचं घर आहे, तिथे माल ठेवता का असंही विचारलं, आई केवढी घाबरली. भाऊ म्हणतो गप्प बस, लायसनवर येईल. पण असा माल अडवता येतो का? आणि रजिस्टरच नाही तर रोजची एन्ट्री कुठे करायची?

जुना_केमिस्ट
वॉरंट लागत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चं कलम २२ वाचा, जिथे औषध विकलं जातं किंवा साठवलं जातं तिथे तपासणी करायचा, सॅम्पल घ्यायचा, रेकॉर्ड बघायचा अधिकार थेट कायद्यानेच दिलाय. आत येऊ न देणं, रजिस्टर न दाखवणं हा मात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, म्हणून कुणी सांगितलं शटर ओढा तर ऐकू नका. तुमच्याकडे सही केलेल्या कागदांच्या कॉप्या आहेत ना? वर फॉर्म नंबर काय छापलाय ते बघून सांगा, सगळं त्यावरच आहे.

दुपारचा_काउंटर
बघितलं दादा. सिरपच्या कागदावर फॉर्म १५, सॅम्पलच्या फॉर्म १७, आणि रजिस्टर-फाइलच्या पावतीवर फॉर्म १६. एक सीलबंद बाटली आमच्याकडे ठेवून गेलेत, ती का ते समजलं नाही. बाटल्यांचे पैसे देऊ केले होते, भाऊ नको म्हणाला फोनवर.

वकिली_टिपण
मग कागद व्यवस्थित आहेत, आता एकेक सांगते.

फॉर्म १५ म्हणजे जप्ती नाही. माल तुमच्याच ताब्यात आहे, फक्त ठरावीक मुदतीत विकायचा, हलवायचा, परत पाठवायचा नाही आणि ही मुदत २० दिवसांच्या वर देता येत नाही. कागदावर तारीख किती लिहिलीय ते आधी बघा. जप्ती वेगळी, तिथे इन्स्पेक्टर माल स्वतःच्या ताब्यात घेतो, पावती देतो, आणि शक्य तितक्या लवकर न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून माल कुणाच्या ताब्यात राहणार याचा आदेश घ्यावा लागतो. दोष दुरुस्त होण्यासारखा असेल तर जप्ती करायची नाही असंही कलमातच आहे. आणि तपासात काही निघालं नाही तर बंदी उठवणं किंवा माल परत देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, ही मेहेरबानी नव्हे.

रजिस्टर आणि फाइल: पुरावा म्हणून उपयोग होईल असं वाटलं तर नेता येतं, त्याचीही खबर न्यायदंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते. पण २० दिवसांच्या आत परत द्यायचं आहे, तुमच्या सहीने प्रमाणित केलेल्या कॉप्या ठेवून घेऊन. हे बऱ्याच दुकानदारांना माहीतच नसतं आणि महिनोन्महिने फाइल तिकडे पडून राहते, याचं मला फार वाईट वाटतं कारण एक लेखी अर्ज पुरेसा असतो. आजच अर्ज द्या, त्यावर पोच घ्या. तोवर नवं रजिस्टर सुरू करा, पहिल्या पानावर जुनं कधी, कोणत्या पावतीने गेलं ते लिहा. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, संख्या, सगळं नेहमीसारखं.

ती सीलबंद बाटली जिवापाड जपा!! सील अजिबात तोडू नका, फ्रिजची गरज असेल तर फ्रिजमध्ये. सॅम्पलचे चार भाग होतात, एक तुमचा, एक सरकारी विश्लेषकाकडे, एक कोर्टासाठी, एक ज्या कंपनीचं नाव तुम्ही सांगाल तिच्यासाठी. रिपोर्ट विरुद्ध आला आणि तुम्हाला मान्य नसेल तर कॉपी मिळाल्यापासून २८ दिवसांत लेखी कळवायचं की आम्ही याविरुद्ध पुरावा देणार आहोत, नाहीतर तो रिपोर्टच अंतिम पुरावा धरला जातो. सिरप कुणाकडून घेतलं ते मात्र सांगावंच लागेल, खरेदी बिल हीच तुमची ढाल.

घराचं म्हणाल तर तिथे गुन्हा झालाय असं मानायला कारण हवं, आणि वेळ वाजवी हवी. नुसतं कुतूहल पुरत नाही. झडती झालीच तर पंच हवेत, यादी हवी, कारण झडतीला फौजदारी प्रक्रियेचे नियम शक्य तितके लागू होतात.

निवृत्त_निरीक्षक
बाई बरोबर बोलल्या. मी दुसऱ्या बाजूला नोकरी केली म्हणून थोडं लिहितो. सिरपच का उचललं ते समजून घ्या. १९८६ साली मुंबईत जेजे हॉस्पिटलमध्ये ग्लिसरीन दिल्यावर १४ रुग्ण दगावले, त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, चौकशी करणाऱ्या लेंटिन आयोगाने औषध प्रशासनालाही धारेवर धरलं होतं. आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे लहान पोरं गेली, तेच विष, खोकल्याच्या सिरपमध्ये. तपासणीचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, तेवढ्यात बाटल्या विकल्या गेल्या तर मग सॅम्पल घेऊन उपयोग काय? त्यासाठी फॉर्म १५ आहे.

तुमची खरी अडचण वेगळी आहे, फार्मासिस्ट जेवायला गेला. तेव्हा तुम्ही चिठ्ठीवरची औषधं दिली असतील तर शो कॉज (कारणे दाखवा नोटीस) येणार, कारण ती त्याच्या देखरेखीखालीच द्यायची असतात. उत्तर वेळेत आणि खरं द्या. लायसन निलंबित झालंच तर राज्य सरकारकडे तीन महिन्यांत अपील आहे. भावाला सांगा, गप्प बसण्याने लायसन वाचत नाही.

गोळी_पुडी
मध्येच विचारतो, आमच्याकडे तर पोलीसच आले होते, ते पण रजिस्टर मागत होते, त्यांना पण हाच अधिकार आहे का?

वकिली_टिपण
कशाखाली आले त्यावर आहे. १९४० च्या औषध कायद्याच्या चौथ्या प्रकरणातल्या (औषधांचं उत्पादन-विक्री) गुन्ह्यांसाठी पोलीस एफआयआर नोंदवू शकत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये अशोक कुमार शर्मा प्रकरणात स्पष्ट केलंय. पण कोडीन, ट्रामाडोलसारख्या नशेच्या औषधांवर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायदा १९८५ लागू झाला तर गोष्ट वेगळी, तिथे अधिकृत अधिकारी सूर्योदय ते सूर्यास्त वॉरंटशिवाय येऊ शकतात, रात्री यायचं तर कारणं लिहून ठेवावी लागतात. कोणत्या कायद्याखाली आलात हे नम्रपणे विचारा आणि नोटीस असेल तर कॉपी मागा.

दुपारचा_काउंटर
खूप आभार सगळ्यांचे. फॉर्म १५ वर मुदत वीस दिवसच लिहिलीय. रजिस्टरचा अर्ज लिहायला घेतलाय, पोच घेऊनच येईन. बाटली कपाटात कुलपात ठेवली, चावी भावाकडे.