मदत हवी आहे: चवळीवरचा हा ढालकिडा कोणता?

नमस्कार मंडळी. मुलुंडला गॅलरीतल्या कुंडीत चवळीवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) पडलाय आणि त्याच्या मागोमाग ढालकिडे (लेडीबर्ड) आलेत. नागमोडी काळ्या रेघांचे ओळखू आले, ते आपले नेहमीचेच. वांग्यावरचे मात्र मळकट तांबूस, अंगावर बारीक लव. पानं खरवडून नुसती जाळी ठेवलीये. म्हणजे अठ्ठावीस ठिपक्यांचे पानखाऊ. ते वेचून साबणाच्या पाण्यात टाकते.

अडलंय ते तिसऱ्यापाशी. तुकतुकीत नारिंगी, साधारण ६-७ मिमी, डोक्यामागची ढाल पांढरी आणि त्यावर काळं 'एम'सारखं चिन्ह. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच निकाल लागला, "परदेशी आक्रमक आहे, मारा!" अहो, त्यांना वाटतोय तो ढालकिडा, हार्मोनिया ॲक्सिरिडिस, मूळचा आशियातलाच. मावा खायला म्हणून माणसांनीच तो अमेरिका-युरोपात नेला आणि तिथल्या स्थानिक ढालकिड्यांना तो भारी पडला. ठिपके कधी मुळीच नाहीत, कधी १९, त्यामुळे मोजून उपयोग नाही.

मुंबईत हा कुणाला खात्रीने दिसलाय का? की याच्यासारखा दिसणारा दुसराच कुणी? ओळखीसाठी फोटो वरून हवा की पोटाकडूनही? तूर्त तो मावा फस्त करतोय, म्हणून राहू दिलाय.